कंट्रोलच्या खान्यात उठलेले ठिपके

“पल्लवी, पिपेटची टिप बदलली होतीस ना?” मी विचारलं. आवाज चढला होता, हे मला कळत होतं.

“बदलली होती मॅडम.”

“मग हे काय आहे?”

पल्लवी आमच्या लॅबमधली प्रोजेक्ट असिस्टंट. शांत मुलगी. आम्ही दोघी कॉम्प्युटरवर प्लेटचा फोटो बघत होतो. जिथे ठिपके यायला नको होते, नेमक्या त्याच खान्यात निळे ठिपके उठले होते, आणि तेही भरपूर.

आमचं काम काय, ते आधी सांगते. आपल्या रक्तात टी सेल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. एकदा शरीरात आलेला जंतू त्यातल्या काही पेशी वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. आम्ही टीबीच्या पेशंटच्या घरी जातो, घरातल्या बाकीच्यांचं रक्त घेतो आणि ते अकोल्याच्या लॅबमध्ये आणतो. त्यातल्या पेशी वेगळ्या काढून छोट्या खान्यांच्या प्लेटमध्ये टाकतो. सोबत टीबीच्या जंतूचे बारीक तुकडे. रात्रभर प्लेट उबेत राहते. जी पेशी जंतूला ओळखते ती खवळते, एक रसायन सोडते आणि तिच्या जागी ठिपका उमटतो. ठिपका म्हणजे ओळख पटली. लहानपणीच्या बीसीजी लसीने हे ठिपके येत नाहीत. त्यासाठी खरा जंतूच शरीरात जावा लागतो.

मात्र ठिपके आले म्हणजे टीबी झाला असं नाही. बहुतेकांच्या शरीरात तो जंतू जन्मभर झोपून राहतो. थोड्यांच्यात जागा होतो. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तो फार लवकर जागा होतो, म्हणून पेशंटच्या घरातल्या लहान मुलांना आजार नसतानाच गोळ्या देतात.

आता, चाचणी बरोबर झाली की नाही हे कळायला प्रत्येक प्लेटवर एका कोऱ्या, म्हणजे जंतू न शिरलेल्या माणसाचं रक्त लागतं. त्याला हेल्दी कंट्रोल म्हणतात. त्याच्या खान्यात काही दिसता कामा नये. आमच्या लॅबमध्ये ते रक्त माझं असायचं. कितीतरी वर्षं माझा खाना स्वच्छ यायचा आणि मला त्याचा उगाचच तोरा होता. बाहेरचे पाहुणे आले की मी म्हणायचे, “ही लॅब माझ्या रक्तावर चालते.” सगळे हसायचे.

तर, ठिपके. मी पल्लवीला बरंच बोलले. नमुन्यांची सरमिसळ, कंटॅमिनेशन म्हणाले, निष्काळजीपणा म्हणाले. किट बदललं. पुन्हा प्लेट लावली आणि या वेळी माझ्या शेजारी पल्लवीचंही रक्त टाकलं. दुसऱ्या दिवशी तिनेच फोटो उघडला.

“माझा खाना कोरा आहे मॅडम,” ती हळूच म्हणाली. माझ्या खान्यात पुन्हा तेच निळे ठिपके होते. मी तिची माफी त्या दिवशी मागायला हवी होती. मागितली नाही.

काळे सर आमचे प्रमुख. त्यांनी दोन्ही फोटो पाहिले आणि चष्मा काढला.

“आधी निगेटिव्ह होतीस, आता पॉझिटिव्ह. म्हणजे इन्फेक्शन ताजं आहे. छातीचा एक्स-रे काढ. तो क्लिअर आला तर प्रिव्हेंटिव्ह गोळ्या सुरू कर.”

“सर, हे कुणाला सांगू नका.”

“यात लपवण्यासारखं काय आहे?” सर म्हणाले. “पेशंटच्या घरी तूच सांगत असतेस ना, यात लाज कसली म्हणून?”

सांगत असते. अगदी ठणकावून सांगत असते.

त्याच्या पंधरवड्यापूर्वीच दर्यापूरला सुमनबाईंच्या घरी सांगितलं होतं. त्यांचा मुलगा गजानन दर्यापूर-अकोला जीप चालवतो. त्याला टीबी निघाला, औषधं सुरू झाली. घरात त्याची तीन वर्षांची मुलगी, चिऊ. तिला गोळ्या द्या म्हणून मी सुमनबाईंच्या मागे लागले होते. त्या काही केल्या ऐकत नव्हत्या.

“गोया द्याले दवाखान्यातली आशाताई घरी येईन. गल्लीतले इचारतीन, काहून आली? मंग गजाच्या जीपीत कोन बसन?”

“अहो, यात लाज कसली? औषधं सुरू झाली, गजानन आता कुणाला देत पण नाही हा आजार.”

“तुमाले म्हनाले सोपं हाय मॅडम.”

मी बाहेर पडता पडता पल्लवीला म्हणाले होते, अडाणीपणा, दुसरं काय. दार उघडंच होतं. सुमनबाईंनी ऐकलं असेल की नाही, मला माहीत नाही.

एक्स-रे मी अकोल्यात काढला नाही. अकोल्यात एक्स-रेवाले डॉक्टर आमच्या यांचे मित्र. जुन्या शहरात जावं तर तिथे माहेरचे लोक. म्हणून अमरावती निवडली. घरी सांगितलं, मीटिंग आहे. उन्हाचं निमित्त होतंच, तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि बसमध्ये खिडकीशी बसले. इम्युनॉलॉजीत पीएच.डी. केलेली बाई एका साध्या फोटोसाठी चोरासारखी गाव बदलून चालली होती. स्वतःची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. तरी उतरून परत काही गेले नाही.

एक्स-रे सेंटरच्या बाकावर जागा मिळाली. शेजारच्या बाईच्या मांडीवर एक मूल खोकत होतं. मी स्कार्फ जरा सैल केला, तर ती बाई माझ्याकडे वळली.

“राऊत मॅडम?”

सुमनबाई होत्या. मांडीवर चिऊ.

“तुम्ही इथे कशा?” मी विचारलं.

“पोरगी खोकून राहिली. दर्यापुरात दाखोलं तं सारे पाहतीन. अकोल्याले गजाचे सारे डायवर. म्हनून इकडे आली.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, “अन् तुमी?”

“मी कामासाठी आले. प्रोजेक्टचं काम.” एका दमात बोलून गेले.

“हा, तुमचं तं कामच हाय हे.”

एवढ्यात आतला माणूस दारात येऊन ओरडला, “मीनल राऊत, छातीचा फोटो.”

मी उठले नाही. त्याने पुन्हा नाव घेतलं. बाकावर बायका आम्ही दोघीच होतो. सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग चिऊचं झबलं सारखं करायला लागल्या. माझ्याकडे पाहायचं टाळत होत्या. त्यांनी हसून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. मी उठले आणि आत गेले. छाती पाटीला टेकवून श्वास रोखायचा असतो. तो माणूस म्हणाला, “मॅडम, हलू नका.” दोनदा म्हणाला.

बाहेर आले तर त्या तिथेच होत्या. चिऊचा नंबर यायचा होता.

“तुमाले बी हाय काय?” आवाज अगदी खाली.

मी सगळं सांगितलं. आजार नाही, जंतू आहे, झोपलेला. रक्तात ठिपके आले. बहुधा कुण्या पेशंटच्याच घरी मिळाला असावा. एरवी हे मी चित्र काढून समजावते. त्या दिवशी बोलताना माझी जीभ अडखळत होती.

“म्हंजे तुमी बी लपून आल्या.”

“हो.”

“गोया घेऊन राहिल्या काय?”

“अजून नाही. एक्स-रे बघून ठरवेन म्हणते.”

“काय ठरवाचं हाय त्यात? चिऊले देतानी तुमी मले ठरवू देत नव्हत्या.”

खरं सांगते, मी गोळ्या घ्यायच्या नाहीत असंच मनात धरून आले होते. एक्स-रे स्वच्छ आला की मोठ्या माणसाला कुठे लगेच धोका असतो, असं स्वतःला पटवत होते. त्यासाठी चार पेपरही शोधून ठेवले होते. या गोळ्यांनी लघवी लाल होते. घरात एकच बाथरूम आहे आणि सासूबाईंची नजर तिखट आहे. खरं कारण एवढंच होतं.

चिऊचा फोटो निघाला. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो पाहिले, चिऊला तपासलं. दोघींची छाती साफ होती. चिऊचा खोकला साध्या सर्दीचा. सुमनबाईंनी तिथेच हात जोडले, मग बाहेर पायरीवर येऊन बसल्या.

“तुमी सुरू करा,” त्या म्हणाल्या. “तुमी घेतली, का मी चिऊले देईन. तुमी घेत नसान तं मंग मले बी सांगू नका.”

तीन वर्षांच्या पोरीच्या गोळ्या माझ्या भित्रेपणावर येऊन अडकल्या होत्या. मान खाली घालून मी हो म्हणाले.

आठवड्यातून एक डोस, असे तीन महिने. पहिल्या डोसला मी सुमनबाईंना फोन केला. पुढे दर वेळी त्यांचाच यायचा. “घेतली काय?” एवढंच विचारायच्या, मी घेतली म्हटलं की ठेवून द्यायच्या. एका आठवड्यात मी टाळाटाळ केली होती. फोन आल्यावर उठून घेतली आणि मग घेतली म्हणून सांगितलं.

आशाताई चिऊसाठी घरी यायची ती यायचीच, त्यामुळे गल्लीला कळलं. गजाननच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर काही दिवस कोणी बसेना. पण त्या वेळेची दुसरी जीप सारखी बंद पडते. हळूहळू लोक बसायला लागले. चिऊचा कोर्स पूर्ण झाला, माझाही झाला.

लॅबने यातून एक धडा घेतला. रक्ताचे नमुने हाताळणाऱ्या कोणीही स्वतःचं रक्त कंट्रोल म्हणून वापरायचं नाही, असं आता भिंतीवर लिहून लावलं आहे. पल्लवीची माफी मी उशिरा मागितली. ती म्हणाली, “जाऊ द्या मॅडम.” तिने ते जाऊ दिलेलं नाही, हे मला दिसतं.

हे लिहिण्याआधी सुमनबाईंना फोन करून विचारलं, तुमच्याबद्दल लिहू का.

“लिहा ना. आमच्या गल्लीले सारं मालूमच हाय. तुमच्या घरी सांगतलं काय?”

“नाही अजून.”

त्या म्हणाल्या, “बरं,” आणि चिऊला शाळेत घालायचं चाललंय ते सांगू लागल्या.

पेशंटच्या घरच्यांची ओळख कळू द्यायची नाही असा नियम आहे, म्हणून इथे त्यांचं नाव मी बदललं आहे. माझंही बदललं आहे. त्याला मात्र काही नियम नाही.