देवपूरची जीप

रविवार, वैशाखाचा शेवटचा आठवडा, सकाळी दहा. ठिकाण धुळ्यातलं देवपूर, जीपमालकांचं अंगण. हजर: माझे काका, म्हणजे नाना, मी, जळगावहून सोबत आणलेले गाडीचे मिस्त्री, आणि जीपमालक आबा.

मूळची जुनी पेट्रोल जीप. आबांनी तिला डिझेल इंजिन बसवलं होतं आणि मोठे टायर घालून चांगली वीतभर उंच केली होती. चारही चाकांना जोर मिळायचा.

ती हवी होती नानांसाठी. काकू गेल्यापासून ते पहूरजवळच्या शेतात एकटे राहतात. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत नुसती काळी माती. गेल्या श्रावणात त्यांना दम्याचा झटका आला, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स डांबरीवरच थांबली आणि शेजारच्या चौघांनी त्यांना गुडघाभर चिखलातून उचलून आणलं. दवाखान्यातच मी सांगितलं, पुढच्या पावसाआधी चिखलातून जाणारी गाडी मिळाली तर शेतात राहा, नाही मिळाली तर चार महिने जळगावला माझ्याकडे. नानांनी मान डोलावली. तेव्हापासून मी गाडी शोधत होते.

माझ्या वहीत एकोणीस प्रश्न होते. मिस्त्री गाडीखाली, मी वही घेऊन बाजूला. खालची चासी गंजून सडली आहे का? नाही. बदललेलं इंजिन आरसी बुकात चढवलंय? चढवलंय.

"अक्का, जीपनी परीक्षा लेतस का?" आबा हसले. "बठ्ठं काम मी सोता करेल शे."

"सगळं स्वतः केलंय, दिसतंय ते," मिस्त्री खालून म्हणाले. "एक बोल्ट दुसऱ्यासारखा नाही."

"पंधरा वरीस व्हयनात. एक तरी बोल्ट पडना का?"

नदीकाठच्या मऊ चढावर गाडी कुठेच अडली नाही. एकोणिसाव्या प्रश्नापुढेही बरोबरची खूण झाली. मग मी म्हटलं, "नाना, बसून बघा."

नानांनी दांडा धरून पाय उचलला. पोचला नाही. आबांनी घरातून पाट आणून खाली ठेवला. मी एका बाजूने, मिस्त्री दुसऱ्या बाजूने. नाना चढले आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेत राहिले.

"पायरी जोडून देतो," मिस्त्री म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम."

"पायरी जोडशीन," दम सापडल्यावर नाना म्हणाले. "अन् पावसात चालवनार कोन? ही त जळगावले. मले उचलनाऱ्या चौघांतल्या एकालेबी गाडी येत नाही."

"ड्रायव्हर ठेवू," मी म्हटलं.

"चार महिने तो काय करीन? मी कवा पडतो त्याची वाट पाहीन?"

श्रावणापासून मी वाटेचा विचार केला, चिखलाचा, टायरचा. चालवणार कोण, हा प्रश्न वहीत नव्हता. लिहिला असता तर त्याचं उत्तरही लिहावं लागलं असतं.

आबांना मी नाही म्हणून सांगितलं. त्यांनी चहा प्यायल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या वाटेवर पारोळा मागे पडला. मग नानांनी विचारलं, "तुह्या घरात मले देशीन त्या खोलीची खिडकी कोनीकडे?"

"पूर्वेला," मी म्हटलं.

ज्येष्ठ लागलाय. नानांची खोली लावून झाली, दम्याचं औषध आणून ठेवलंय, केळीच्या बागेला पाणी द्यायला शेजारी तयार आहेत. शेतातल्या घराला नुसती कडी आहे. तिथे कायम कोणीतरी असायचं, म्हणून कुलूप कधी घेतलंच नाही. ते अजून घ्यायचं आहे.