दाना ओलीतली तीळबंदी

ग्वाल्हेर स्टेशनवर दिल्लीची गाडी यायला वीस मिनिटं उरली होती आणि आई माझ्या बॅगेवर बसली होती. चेन लागत नव्हती म्हणून ती चांगली साडी नेसून, भर प्लॅटफॉर्मवर, सगळा भार टाकून बसली होती आणि बाबा खाली वाकून चेन ओढत होते. बॅगेत गजकाचे, म्हणजे आमच्याकडच्या तिळाच्या खुसखुशीत वड्यांचे, चार डबे होते. जर्मनीत थंडी फार, आणि थंडीत तिळाशिवाय माणूस टिकतो कसा, हे आईला कोणी सांगूनही पटलं नसतं. बाबा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे निरोपसुद्धा त्यांनी परिपत्रकासारखा दिला. "मिळून-मिसळून राहा. आणि कोणाशी झगडा करायच्या आधी समोरचा कोण आहे, ते नीट पाहा." गाडी हलली तेव्हा आई रडली, मी रडले, आणि बाबा दुसरीकडे बघत डब्यांचे नंबर वाचत राहिले.

ग्वाल्हेरच्या दाना ओलीतून, म्हणजे आमच्या गल्लीतून, जयेंद्रगंजातून, शिंदे की छावनीतून माझ्यासारखे जे बाहेर पडले आणि जे मागे राहिले, त्या दोघांसाठी हे लिहितेय. त्यातल्या निम्म्यांनी गेल्या वर्षीच्या संक्रांतीची गोष्ट ऐकलेली आहे, पण आमच्या गल्लीत गोष्ट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिचं काय होतं ते मला माहीत आहे. एका मावशींनी तर मला फोन करून विचारलं की तुझ्या मुलीला बोरं टोचली म्हणे.

बॉनला मी गेले ती शरीरातल्या पहारेकऱ्यांचा अभ्यास करायला. रोगप्रतिकारक पेशी परक्याला कशा ओळखतात आणि आपल्याला कशा सोडून देतात, हा माझा विषय. तिथेच लग्न झालं, तिथेच रेवा झाली, आणि घरात मराठी, हिंदी, जर्मन यांचा एकच रस्सा शिजायला लागला. रेवा व्हिडिओवर आजीला सांगते, "आजी, कोम ना, पानी दे." कोम म्हणजे ये. आईला आता ते कळतं, आणि मंडईत भाजीवाल्यालाही तिने एकदा कोम म्हटलंय.

रेवा सव्वा वर्षाची असताना तिने पाळणाघरातल्या पावाचा एक तुकडा खाल्ला. वरून तीळ लावलेला पाव. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, तिळाची अ‍ॅलर्जी. मी तेव्हा हसले, हे सांगायला लाज वाटते. ग्वाल्हेरची मुलगी, चार डबे गजक घेऊन देश सोडलेली, आणि तिच्या पोरीला तीळ चालत नाही! घरी आल्यावर मात्र बाथरूमचं दार लावून भरपूर रडले.

मग फोनवर दाना ओलीला शिकवणं आलं. मी सांगितलं, बाबा, शरीरात बी पेशी असतात. रेवाच्या बी पेशींनी तिळातल्या प्रथिनाला गुन्हेगार ठरवून त्याच्या नावाची वॉरंटं काढली आहेत, आयजीई नावाची. ती वॉरंटं घेऊन मास्ट पेशी त्वचेत, घशात, आतड्यात दबा धरून बसतात. तीळ दिसला की त्या हिस्टामिनची पोती एकदम उघडतात, त्याने सूज येते, श्वास अडकतो.

"पण तिळाने केलं काय?" बाबा म्हणाले.

"काहीच नाही. तिला लहानपणी एक्झिमा होता. फाटलेल्या त्वचेतून तिळाचा कण आधी आत गेला असावा. पोटातून आला असता तर टी पेशींमधल्या समजूतदार पेशींनी सांगितलं असतं की हा पाहुणा आहे, बसू द्या."

"म्हणजे ग़लतफ़हमी झाली म्हण ना." बाबा म्हणाले. "आणि तुझ्या आईच्या थायरॉइडलाही तू असंच काहीतरी म्हणाली होतीस."

"तिच्या पेशी स्वतःच्याच ग्रंथीवर धावून जातात."

"वा! नातीच्या पाहुण्यांवर धावतात, हिच्या घरच्यांवर," असं म्हणून ते खूप खूश झाले. आईने मागून ओरडून सांगितलं की घरच्यांवर धावायला कारणं आहेत.

आईचा प्रश्न वेगळाच होता. रेवाचं बोरन्हाण ग्वाल्हेरलाच व्हावं, हे तिने नात जन्मली त्या दिवशी ठरवलं होतं. पोर पाटावर बसेल, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे पडतील, गल्लीतली पोरं ते वेचतील. "परेशान नको होऊ," ती म्हणाली, "पण शगुनाचा एक दाणा तरी? राईइतका?" मी म्हटलं, आई, राई चालेल, तीळ नाही. एक दाणाही नाही. तिच्या हातचा तीळ नातीला चालत नाही, म्हणजे तीच चालत नाही, असं तिला वाटत होतं.

तरी तिने सगळं केलं. मी बॉनहून दोन महिने रोज सूचना द्यायचे आणि बाबा त्या वहीत उतरवायचे. मिक्सर नवा आला. तिळाचं तेल, चटणी, लाडू घराबाहेर गेले. हळदीकुंकवाला तिळगुळाऐवजी साखरफुटाणे. अ‍ॅलर्जीचा झटका आलाच तर मांडीत टोचायचे इंजेक्शनचे दोन पेन मी नेले होते, आणि एक सरावाचा, बिनसुईचा. बाबांनी सरावाचा पेन उशीवर इतक्यांदा टोचला की आई म्हणाली, आता त्या उशीला काही अ‍ॅलर्जी राहिली नसेल.

आणि बोरन्हाणाच्या दिवशी, संध्याकाळी चार वाजता, रेवाला काळं झबलं घालून मी स्वतः तिच्या अंगावर हलव्याचे दागिने चढवले. मुकुट, हार, दोन बांगड्या. आईने वीस दिवस खपून सुई-दोऱ्याने ओवलेले. मी फोटोही काढले, सोळा.

हलवा म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. तिळावर साखरेचा पाक चढवत चढवत केलेला काटेरी दाणा. प्रत्येक दाण्याच्या पोटात एक तीळ. आईला हे माहीत होतं, बाबांना माहीत होतं, मला तर लहानपणापासून. पण तो आम्हा तिघांच्याही डोक्यात दागिना म्हणून बसलेला होता, खाण्याच्या यादीत तो आलाच नाही. वहीची बावीस पानं भरली होती आणि हलवा कुठेही नव्हता.

रेवाने पहिली बोरं डोक्यावर पडताच दोन्ही हात वर केले, सगळे हसले, आणि तिने उजव्या हातातली बांगडी कडाकडा चावली.

मी ते पाहिलं. मला वाटलं, किती गोड दिसतेय. मग तिचा ओठ फुगला, ती खोकली, मानेवर लाल चट्टे आले, आणि मी, पेशींच्या अभ्यासात डॉक्टरेट मिळवलेली बाई, तिथेच उभी राहून मोठ्याने म्हणाले, "हलव्यात तीळ नसतो ना?" हात हलेनात. रेवाला मांडीवर आडवं घेतलं ते बाबांनी. झबलं वर केलं, पेन मांडीवर दाबला आणि मोठ्याने दहापर्यंत मोजलं, हिंदीत. मग म्हणाले, "अब चलो."

रिक्षातच तिचा श्वास मोकळा झाला. हॉस्पिटलमध्ये रात्रभर ठेवणार होते. तरुण डॉक्टरने गळ्यातला हार पाहिला, हातात घेतला आणि विचारलं, "बच्ची को तिल से एलर्जी है, और ये तिल की माला किसने पहनाई?" बाबा म्हणाले, "जी, इन्होंने. ये साइंटिस्ट हैं, इसी बीमारी की."

मला हसू आवरेना, आणि हसता हसता कधी हुंदके सुरू झाले कळलं नाही. आई मात्र हसली नाही. ती कॉरिडॉरमध्ये मुकुट मांडीवर घेऊन एकेक दाणा तोडत बसली होती. परतायच्या दिवशी मी तिला सांगितलं, आता तिळाचे दिवस टाळून आम्ही उन्हाळ्यातच येऊ. तिने मान हलवली. मला कळत होतं की मी काय बोलून गेले. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात कोणी पाहुण्याला बोलवत नाही. मी घाबरले होते, आणि भीतीपायी आईच्या घराला परकं ठरवून मोकळी झाले होते. बॉनला परत येऊन पेशींकडे बघायचे तेव्हा त्यांची मला दया यायची.

उन्हाळ्यात आम्ही गेलोच नाही. डिसेंबरात आईने फोन केला. म्हणाली, साबुदाण्याचा हलवा जमतोय, पण काटे नीट येत नाहीत, तू बघायला ये. तेवढंच. मी तिकिटं काढली.

घरात शिरताना बाबांनी मला दारातच थांबवलं. पायरीशी बादली, तांब्या आणि साबण ठेवलेला. "प्रवासात काय खाल्लंस?"

"विमानात बन खाल्ला होता."

"तीळ होते?"

मला आठवेना.

"याद नाही तर मग हात धू. कोपरापर्यंत. सॅनिटायझर नको, त्याने प्रोटीन निघत नाही." हे मीच त्यांना शिकवलेलं. "रेवाची तर तपासणी मी स्टेशनवरच केली. रेवा, तू जा गं आत."

रेवा चपला घालूनच आत पळाली आणि आतून आईचा आवाज आला, "कोम, कोम!" पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथे आपल्याला कोणी अडवत नाही. आता त्या घरात तीळ नव्हता, अडवायचं म्हणून एक मीच उरले होते. मला इतकं हायसं वाटलं की पायरीवर बसूनच मी हात चोळायला लागले. बाबांनी तांब्याने पाणी घातलं, हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "एकदा और."