धागे उडवणारे सी लख्दर

आमच्या इमारतीत दोन प्रकारची माणसं राहतात. ज्यांचे धागे सी लख्दरांनी उडवले ती, आणि ज्यांना अजून टाइप करता येत नाही ती.

सी लख्दर ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'राव') हे निवृत्त शाळा तपासनीस. तपासायला शाळा उरली नाही, तेव्हा अल्लाहच्या मेहेरबानीनं त्यांना मक्नीन पाळणाऱ्यांच्या संकेतस्थळाचं संपादकपद मिळालं. मक्नीन म्हणजे आमचा लाल तोंडाचा, चिमणीहून लहान गवई पक्षी. आमच्या कॉन्स्टंटीन शहराचा माणूस पोराचा वाढदिवस विसरेल, मक्नीनची वंशावळ नाही.

कुणीही नवा धागा, म्हणजे चर्चेचा विषय काढला, की तो आधी संपादकांकडे जायचा. दर्जा टिकवायचा होता ना! शीर्षकात 'मदत' दिसलं, उडव. उद्गारचिन्ह दिसलं, उडव. जुना विषय आला, 'शोधून वाचा' लिही आणि उडव. बघता बघता दर्जा इतका वाढला, की तिथं फक्त त्यांचेच धागे दिसू लागले. मीही एकदा विचारलं होतं, 'माझा पक्षी उदास का?' उत्तर आलं, 'उदास पक्षी की मालक, ते स्पष्ट करा.'

कोपऱ्यावरच्या अम्मार खाटकाचं तर सगळंच उडालं. त्याच्या म्हाताऱ्या पक्ष्याचं गाणं गावात पहिलं आणि त्याचं लेखन, सी लख्दरांच्या मते, शेवटचं.

यंदा वसंतात कॅफेत होणाऱ्या मक्नीनच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी सी लख्दरांनी स्वतः एक पिल्लू वाढवलं. चिमण्यांचं ऐकून गळा बिघडू नये म्हणून खिडक्या बंद, पिंजऱ्यावर पांढरं कापड, बायकोच्या, वर्दियाताईंच्या, कुकरच्या शिट्टीला बंदी. पिंजरा ठेवला घरातल्या सर्वांत शांत जागी, म्हणजे कॉम्प्युटरशेजारी.

एके सकाळी पिल्लू गायलं. पहिली तान सुरेख. दुसरी, 'टिंग-टिडिंग.' नवा धागा आला की कॉम्प्युटर वाजतो, तस्सं.

"अहो, धागा आला बघा," आतून वर्दियाताई म्हणाल्या.

"धागा नाही गं. आपलं पिल्लू आहे."

"मग त्यालाही उडवा!"

भिंती पातळ आहेत, मी काय करू?

स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली. स्वतःच्या नावानं उपाय विचारावा, तर तपासनीस कॉपी करताना सापडल्यासारखं. म्हणून त्यांनी 'फूलप्रेमी' नावानं धागा काढला. त्या दिवशी पाळी होती दुसऱ्या संपादकाची, मसऊद न्हाव्याची.

"कोण कुठला फूलप्रेमी," मसऊद माझी दाढी करता करता म्हणाला, "क्रमांक घालून मुद्दे लिहितो! सी लख्दरांनी शिकवलंय तसा दिला उडवून. विषय जुना आहे, शोधून वाच म्हटलं."

सी लख्दरांनी शोधलं. उडवलेल्या धाग्यांच्या ढिगात अम्मारचा धागा निघाला, 'भावांनो पळा!!! फोनची रिंग पक्ष्याच्या गळ्यात!!!' मजकूर केव्हाच पुसलेला. खाली संपादकांचा शेरा, 'शीर्षक उथळ.' संपादक कोण, ते सांगत नाही.

दुपारी कापडानं झाकलेला पिंजरा घेऊन ते अम्मारच्या दुकानात आले. मला खिमा नको होता, पण मी रांग सोडली नाही.

"अम्मार बेटा, तो तुझा उपाय..."

"कुठला, सी लख्दर? तो उथळ होता ना?"

"शीर्षक उथळ होतं. मजकूर मी वाचला नव्हता."

अम्मारचा सुरा थांबला. "वाचलाच नाही?"

कापडाखालून आवाज आला, 'टिंग-टिडिंग.' रांगेतल्या सगळ्यांनी खिशातून फोन काढले.

"उपाय सोपा आहे," अम्मार म्हणाला. "दोन आठवडे याला इथं माझ्या म्हाताऱ्या पक्ष्याशेजारी टांगायचं. तो गळा सरळ करेल. पण आधी माझा धागा. मी आत्ता पुन्हा लिहितो, तुम्ही पास करा. शीर्षक तेच."

त्यानं तुपकट अंगठ्यानं लिहून पाठवलं. सी लख्दरांनी चष्मा पुसला, आपल्या फोनवर शीर्षक वाचलं, पुन्हा चष्मा पुसला.

"निदान एखादं उद्गारचिन्ह कमी..."

"पिंजरा परत नेताय का?"

सी लख्दरांनी डोळे मिटून बटण दाबलं. अम्मारनं हात धुतले, पिंजरा उचलला आणि म्हाताऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगला.