टाकीतली हवा अन माझ्या हातच्या पट्ट्या

जवळ ये गं, अशी सरकून बस. परवा फोनवर कशापायी हसलीस? पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या भरणाऱ्या तुझ्या मैत्रिणींना सांगितलंस म्हणे, मोठ्या आईनं बाबाच्या टाक्या बाजेवर लोळवल्या. अर्धी गोष्ट ऐकून हसू नये माणसानं. पुरी ऐक.

दुष्काळाचं साल होतं. विहिरी आटलेल्या, गाव परळीच्या वाटेवरच्या जुन्या खडीच्या खदानीचं पाणी पीत होतं. पाणी सोसायटीची मोटर दोर तुटून तळाला गेली. बारा-चौदा पुरुष खोल पाणी. तुझा बाप, म्हणजे माझा धाकटा दीर, बंदरावर पाणबुड्याचं काम करायचा. त्याला निरोप धाडला. तो दोन टाक्या घेऊन आला, दिसायला अगदी सारख्या. एकीत साधी हवा, तळाला जायला. दुसरीत प्राणवायू जास्त. वर येताना, अंगात मुरलेला वायू निघून जावा म्हणून पाण्यात जरा वरच्या अंगाला दोर धरून थांबायचं, तेव्हा तिच्यातली हवा ओढायची. ती खोल नेली तर माणसाला झटके येतात, हे तो जेवताना बोलला. मी विचारलं, भरता कशी? म्हणाला, आधी प्राणवायू सोडायचा, मग वरून हवा दाबायची.

झालं, माझ्या जिवाला घोर लागला. आपल्याकडं जुन्या विहिरीत उतरायचं तर आधी कंदील सोडतात. विझला की खाली वाईट हवा बसलीय. मग लिंबाचा डहाळा दोराला बांधून वरखाली घुसळायचा. मला वाटलं, टाकीतही एक खाली, एक वर बसली असणार. तो खदान बघायला गेला तसं मी टाक्या बाजेवर आडव्या घातल्या अन तासभर लोळवल्या. बाजेच्या सुंभाला घासून दोन्हींवरच्या, आत कुठली हवा ते लिहिलेल्या चिकटपट्ट्या निघाल्या. त्यावर काय लिहिलंय, मला तेव्हा कुठं वाचता येत होतं? अंदाजानं चिकटवल्या, अन गप बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खदानीवर सारं गाव घागरी घेऊन उभं. सोसायटीच्या चेअरमनची घाई चाललेली. तुझ्या बापानं पट्टी वाचली, टाकी पाठीला बांधली, कडेला बसला. बोलावं तर सासऱ्यांदेखत चार लोकांत अब्रू जाती. तो नळी तोंडात धरायला लागला, तशी मी पुढं झाले अन त्याचा दंड धरला.

"भाऊजी, उतरू नका. पट्ट्या मी चिकटवल्यात."

चेअरमन म्हणाले, "वैनी, ही काय चूल हाय लुडबुडायला? दोन दिस झाले, गावाला पाणी न्हाई."

तुझ्या बापानं त्यांना हातानंच थांबवलं. पेटीतून प्राणवायू मापायचं मीटर काढलं, पाठीवरची टाकी उतरवून तिची चावी जराशी सैल केली अन समोर धरलं. काटा चढत गेला. निम्म्याच्या पुढं जाऊन थांबला. म्हणजे पाठीला जास्त प्राणवायूची टाकी बांधली होती. सासरे होते तिथंच खाली बसले.

त्यानं दुसरी टाकी मापली, पट्ट्या फाडून नव्या लावल्या. मग हळूच म्हणाला, "वैनी, टाकीतली हवा आपोआप मिसळती, मिसळली की पुन्हा येगळी होत न्हाई. विहिरीत वाईट हवा खालून येतच राहती अन वारं लागत न्हाई, म्हणून ती बसती. पण चूक माझी बी हाय. उतरायच्या आधी मी मापायला पायजे होतं."

आता तो साध्या हवेच्या टाकीनं उतरला; दुसरी पाण्यातच वरच्या अंगाला दोराला बांधून ठेवली होती. उतरण्याआधी मोटर बांधायच्या नव्या दोराचं वरचं टोक त्यानं माझ्या हातात दिलं. तीन हिसके आले की ओढायचं. बुडबुडे येत होते तोवर मी त्यावरची नजर काढली नाही. हिसके आले, गड्यांनी मोटर ओढली. तो मात्र लई वेळानं वर आला. मी कुणाची भीड न धरता तिथंच रडले.

पुढच्याच महिन्यात मी पाटी घेऊन अक्षरं गिरवायला बसले.

आता तूही टाक्या भरतीस. रोज मापून बघतीस का, हे मला फोनवर नको सांगू. पुढच्या खेपेला मीटर घेऊन ये अन समोर बसून दाखव. पुन्हा ये गं लवकर, चार दिस राहायला.