शिट्टीवर येणारं पाणी

माणसाला स्वातंत्र्य प्राणाहून प्रिय असतं. हे वाक्य मी धारवाडच्या एका कॉलेजात दरवर्षी फॅसिझमचं प्रकरण सुरू करताना म्हणत असे आणि मुलं ते वहीत उतरवून घेत. संध्याकाळी बसने हुबळीला, केशवापुरातल्या घरी परतलो की आमच्या कोरड्या नळाकडे बघून मला त्या वाक्याची थोडी लाज वाटे. ज्या गल्लीत आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं प्राणाहून प्रिय काय असतं ते आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. पाणी आठवड्यातून एकदा येई. पण पहाटे की भर दुपारी, हे कोणी सांगू शकत नसे. पाण्याचा दिवस म्हणून माणसं सख्ख्या भाच्याच्या मुंजीला जात नसत, आणि भाच्याकडच्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

अशात रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फोरमन आमच्या गल्लीत राहायला आले. सगळे त्यांना अप्पा म्हणू लागले. पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन त्यांच्याकडे चहाला थांबे, त्यामुळे पाणी कधी सुटणार हे अप्पांना आधी कळे. मग ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहून शिट्टी वाजवत. आम्ही कृतज्ञ होतो. त्यांना गल्लीच्या संघाचं अध्यक्ष केलं, ते टाळ्यांच्या गजरात.

पुढे अप्पांनी नियम केला की शिट्टीआधी कोणी नळ उघडायचा नाही, म्हणजे सगळ्यांना सारखं पाणी मिळेल. बरोबरच होतं. मग प्रत्येक घरातलं एक माणूस फाटकाशी उभं राहील आणि अप्पा गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन आले की शिट्टी होईल, असं ठरलं. हेही शिस्तीच्या दृष्टीने ठीक होतं. मग खालच्या गल्लीतले लोक मोटारी लावून आपलं पाणी ओढतात, असं अप्पांनी एका सभेत सांगितलं. त्या मोटारी आमच्यापैकी कोणी पाहिल्या नव्हत्या, पण त्यांचा आवाज पुष्कळांना ऐकू येऊ लागला. मग आपल्यातच कोणी फितूर होऊन मोटार लावली असेल, या शंकेने घरांची तपासणी सुरू झाली. तपासणीला अप्पांबरोबर दोन स्वयंसेवक असत, एक बँकेतला कारकून आणि एक कोप्पीकर रोडवरचा कापडवाला. दोघांच्या दंडावर हिरवे पट्टे. कापड दुकानातलंच होतं.

प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा जेमतेम बोटभर उंच होती. वर्गात मी इटलीतल्या राजवटीबद्दल सांगे की, तिच्या काळात आगगाड्या वेळेवर धावत, असं अजून म्हणतात. त्या धावत नव्हत्या. धावतात असं म्हणायची लोकांना सवय झाली होती. आमच्याकडेही ‘अप्पा आले आणि पाणी आलं’ असं म्हणायची सवय झाली. पाणी पूर्वीइतकंच येत होतं. फक्त पूर्वी ते महापालिकेचं होतं, आता अप्पांचं झालं होतं.

गल्लीच्या शेवटच्या घरात एक निवृत्त कानडी शिक्षिका एकट्या राहत. त्यांना सगळे अक्का म्हणत. त्या फाटकाशी उभ्या राहत नसत. अप्पा तपासणीला गेले तेव्हा त्यांनी दार अर्धंच उघडलं.

“अक्का, सगळ्यांनी न्हाणीघर दाखवलंय.”

“सगळ्यांची हौस. माझ्या न्हाणीघरात बघण्यासारखं काही नाही री.”

“नियम म्हणजे नियम. शिट्टीला तुम्ही बाहेरही येत नाही.”

“अप्पा, शिट्टीनं गाडी सुटते. पाणी नाही सुटत.”

हे वाक्य दुपारपर्यंत गल्लीभर झालं आणि संध्याकाळी संघाची सभा बसली. अक्कांच्या फाटकाबाहेरच्या खड्ड्यातला त्यांच्या नळाचा कॉक बंद करावा आणि त्या माफी मागेपर्यंत कोणी त्यांना पाणी देऊ नये, असा ठराव आला. विरोधात हात वर करा, म्हटल्यावर सगळ्यांनी शेजाऱ्याच्या हाताकडे पाहिलं. शेजाऱ्याचा हात मांडीवर होता. मीही पाहत होतो. कारकुनाने तिथून जाऊन कॉक बंद केला. उन्हाळा नुकताच लागला होता, आणि अक्कांच्या अंगणात विहीर नव्हती.

“म्हातारीला तहानेनं मारणार का तुम्ही लोक?” बायकोने मला विचारलं. ‘तुम्ही लोक’ या शब्दांत अप्पा, मी आणि सगळी इतिहासाची पुस्तकं आली. दुसऱ्या दिवशी दुपारी, अप्पांची झोपेची वेळ साधून, ती मागच्या बोळातून एक घागर भरून अक्कांना देऊन आली. “कुणाला कळू देऊ नका. सगळी गल्ली अप्पांच्या बाजूची आहे, आपणच एकटे आहोत,” असं तिने मला बजावलं.

असे काही आठवडे गेले. अक्का माफी मागेनात. उलट त्यांच्या दाराशी जाई अशी फुलली की खालच्या गल्लीपर्यंत वास जावा. आमच्या कुंड्या वाळून गेल्या होत्या. अप्पांनी एकच निष्कर्ष काढला, की बाईकडे मोटार आहे.

त्या दुपारी बायकोची पाठ धरली होती, म्हणून घागर घेऊन मी गेलो होतो. “बर्री सर, आत या,” म्हणत अक्कांनी मला स्वयंपाकघरात नेलं, आणि तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. अप्पा आणि दोन पट्टे. लपायला जागा नव्हती, कारण स्वयंपाकघर भांड्यांनी भरलं होतं. घागरी, हंडे, कळश्या, सगळं काठोकाठ. मागच्या दारातूनच परतणाऱ्या बायकोच्या नजरेतून सुटलेली गोष्ट मला तिथं दिसली. आपल्याकडे स्टीलचं भांडं घेतलं की दुकानदाराकडून त्यावर नाव घालून घेतात. लग्नाच्या पंगतीत अदलाबदल होऊ नये म्हणून. इथं गल्लीतल्या प्रत्येक घराने गुपचूप कट केला होता आणि प्रत्येकाने त्यावर आपलं नाव घालून ठेवलं होतं.

“मोटार बघायची ना? बघा,” अक्का म्हणाल्या आणि या वेळी त्यांनी दार पूर्ण उघडलं.

तिघे आत आले. कारकुनाने आपल्या सासऱ्याचं नाव असलेली घागर ओळखली. कापडवाल्याला आपला हंडा दिसला. दोघेही एकमेकांकडे पाहायचं टाळू लागले. अप्पा मात्र कोपऱ्यातल्या एका कळशीसमोर थांबले होते. तिच्यावर त्यांचंच नाव होतं, आणि खाली, जरा बारीक अक्षरात, ‘निवृत्तीनिमित्त सप्रेम भेट’.

“तुमच्या मिसेस दर मंगळवारी येतात,” अक्का म्हणाल्या. “गाळून आणतात हं पाणी. इतरांचं मला गाळावं लागतं.”

अप्पांनी कळशीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, “झाकून ठेवत जा. डास होतात.” आणि निघाले. फाटकाबाहेर कारकून बूट नीट करायला म्हणून खाली वाकला, आणि त्याने कॉक उघडला. अप्पा पुढे चालत राहिले.

अशा राजवटीला सगळ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवण्याची गरज नसते; शेजारी विश्वास ठेवतो, एवढं प्रत्येकाला वाटलं की पुरे. हे मी पुढे वर्गात सांगू लागलो. कळशीचा उल्लेख टाळत असे.

नंतरच्या पाण्याच्या दिवशी अप्पा सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि त्यांनी शिट्टी वाजवली. एकाही फाटकाशी कोणी आलं नाही. मी खिडकीतून पाहत होतो. समोरच्या खिडकीतून समोरचे माझ्याकडे पाहत होते. मनात आलं, इतिहासात असे क्षण फार थोडे येतात. शेवटच्या घरात अक्कांनी नळ सोडल्याचा आवाज झाला. पाणी आलं. गढूळ होतं.