मधल्या नावाचा ट्रिगर

लग्नाची रजा संपवून मी सुप्याच्या कारखान्यात परत हजर झाले आणि तासाभरात माझं नाव बदललं. मला कुणी विचारलंही नाही.

झालं असं की, मनुष्यबळ विभागाच्या साहेबांनी माझ्या नोंदीत 'अविवाहित'चं 'विवाहित' केलं, पुढच्या जोडीदाराच्या रकान्यांत नवऱ्याचं नाव-आडनाव टाकलं आणि सेव्ह दाबलं. त्यांनी एवढंच केलं. पण माझ्या मधल्या नावात वडिलांच्या जागी नवरा येऊन बसला आणि आडनावही सासरचं झालं. कारखान्याचा डेटाबेस मीच सांभाळते, म्हणून लगेच लक्षात आलं. मी दोन्ही रकाने दुरुस्त केले, सेव्ह केलं. पुन्हा नवऱ्याचंच नाव. परत दुरुस्त केलं, परत तेच.

हे काम ट्रिगरचं होतं. ट्रिगर म्हणजे नोंद साठवली जाताना आपोआप चालणारा छोटासा प्रोग्राम. नोंद कुणी केली, कधी केली, असले रकाने माणसानं हातानं भरत बसू नये म्हणून तो लावतात. भारी सोय आहे, मी स्वतः कितीतरी लिहिलेत. हा मात्र माझ्याआधी कुणीतरी लिहून ठेवला होता. बाई असेल आणि विवाहित असेल, तर मधलं नाव नवऱ्याचं, आडनावही नवऱ्याचं. पुरुषांसाठी त्यात एक ओळ नव्हती.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. आई-वडील ऊसतोडीला जायचे, मी वसतिगृहात राहून शिकले. घरातलं माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि हे मी लाजून नाही, छाती काढून सांगते. पदवीचा कागद मिळाला तेव्हा वडिलांनी तो नगरच्या स्टँडजवळून परस्पर लॅमिनेशन करून आणला. तसं करायचं नसतं, पण आमच्यात हे त्यांना सांगणार कोण? त्या प्लास्टिकखाली माझ्या नावाला लागून त्यांचं नाव आहे. ते कुणाच्या तरी सोयीसाठी पुसलं जावं, हे मला मान्य नव्हतं.

मी साहेबांकडे गेले.

"अहो मॅडम, सगळ्यांचंच तसं होतं," ते म्हणाले. "इतक्या बायका आहेत आपल्याकडे. एक तरी आली का तक्रार घेऊन?"

"मी आले ना."

"मग रीतसर अर्ज द्या. प्रतिज्ञापत्र जोडा. बघू."

"साहेब, कागद नाव बदलायला लागतात. मी काहीच बदललेलं नाही. आधारवर, पॅनवर, पदवीवर एकच नाव आहे. बदललं तुमच्या ट्रिगरनं. अर्ज त्यानं द्यावा."

त्यांनी चहा मागवला, म्हणजे विषय संपला.

नवीन नावाचं ओळखपत्र छापून आलं. मी ते घेतलं नाही, जुनंच गळ्यात घालून यायचे. गेटवरचा वॉचमन रोज म्हणायचा, "ताई, ह्ये चालत न्हाई आता." मी रोज म्हणायचे, "मला चालतं."

घरी जाताना मोटारसायकलवर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझं नाव लावलं तर काय बिघडलं? वाईट हाय का?"

"चांगलंच आहे. पण त्या नावानं मी परीक्षा दिली नाही."

मग म्हणाला, "मंग तिकडं हापिसात भांड की. माझ्याशी काय भांडती?"

बरोबर बोलला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी डेटाबेसची चाचणीची प्रत उघडली. ही वेगळी असते, तिच्यात काहीही केलं तरी खऱ्या नोंदींना धक्का लागत नाही. ट्रिगरच्या अटीत 'स्त्री'च्या जागी 'पुरुष' लिहिलं, साहेबांच्या नोंदीत जोडीदाराचं माहेरचं नाव-आडनाव टाकून ती एकदा सेव्ह केली आणि त्यांना बोलावलं. त्यांच्या मधल्या नावात त्यांच्या मिसेस होत्या. आडनाव त्यांच्या सासऱ्यांचं.

"हे काय आहे?"

"आपोआप झालं, साहेब."

"पुसा आधी ते."

"चाचणीतलं आहे. कुणाचं काही जात नाही."

"तरी पुसा!" मग स्क्रीनकडे बघतच, आवाज खाली आणून म्हणाले, "बरं. करा तुमचा बदल."

मी ट्रिगरला सांगितलं, रकाना रिकामा असेल तरच भर, माणसानं लिहिलेलं असेल तर हात लावू नकोस. माझं नाव जागेवर आलं. वाटलं, जमलं.

दोनच दिवसांत पॅकिंगवरच्या एक मावशी टेबलापाशी उभ्या राहिल्या. बातमी पोचली होती. "पोरी, माझंबी बघ की. नवऱ्यानं मला टाकून दुसरी केली, अन् ह्या पट्ट्याला रोज माझ्या गळ्यात त्योच लटाकतोय."

"वडिलांचं नाव लावू का, मावशी?"

"बाप तरी कुठं आला न्यायला? मधी कुनीच नको. माझं नाव अन् आडनाव, बास."

"आडनाव कोणतं?"

"हाय तेच ऱ्हाऊ दे. पोरांचंबी तेच हाय."

मी मधला रकाना रिकामा करून सेव्ह केलं. नवरा परत हजर. मीच तर सांगून ठेवलं होतं, रिकामं दिसलं की भर.

मावशी स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "आला का मुडदा माघारी?"

मी हसले, पण आतून तापले होते. एखादीनं जागा मुद्दाम रिकामी ठेवलीय, हे कुठल्या ट्रिगरला कळणार? मी तो अख्खा काढून टाकला आणि मावशींचा मधला रकाना परत रिकामा केला. साहेब धावत आले. "अहो, मग ते रकाने भरणार कोण?"

"जिचं नाव, तिला विचारून भरू. विचारायला जीभ दिलीय देवानं."

मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आता कामगारांच्या नोंदींच्या तक्त्यावर एकच ट्रिगर उरलाय. बदल कुणी केला आणि कधी, एवढंच तो लिहितो. मावशींच्या नोंदीपुढे, बदल करणारी म्हणून, त्यानं माझं नाव भरलंय. आपोआप. वडिलांच्या नावासकट.