आधी एका गालावर

ती माझ्या कटलरीच्या दुकानात येते तेव्हा हवी ती वस्तू हनुवटीनं दाखवते. बीटी कपाशीची बोंडं वेचून चिरलेले हात कायम पदराखाली.

त्या दिवशी हनुवटी कोरियन जेलच्या डबीकडे वळली. रात्रभर चेहऱ्याला लावून ठेवायचं ते.

"पोरीले पाह्याले पावणे येऊन राह्यले, भाऊ."

पण तिनं ते आधी स्वतःच्या एका गालाला लावलं. म्हणे, "फवारणीचं नवं औषध आमी आधी एकाच ओळीवर मारतो." सकाळी न जळलेला गाल दाखवायला हसत आली.

पाहुणे येऊन गेल्यावर पुन्हा आली.

"चेहरा पसंत पडला. मंग म्हणे, हात दाखव."

मी मूर्खासारखं विचारलं, "मग?"

तिनं पहिल्यांदाच दोन्ही हात पदरातून काढून काउंटरवर ठेवले.

"तिचेबी असेच हायेत."